शेंडा गेलेले माड

नवी झावळी उमलली तेव्हा तिच्या दोन्ही अंगांना सारखेच काप होते. मधल्या दांड्यापासून सारख्या अंतरावर, सारख्या तिरक्या रेषेत. घडी घातलेला कागद कात्रीने कापावा आणि मग उलगडावा, तसे. क्षिप्राने झावळी खाली ओढून धरली आणि एका कापाच्या कडेवरून बोट फिरवले. कड वाळून तपकिरी झाली होती. म्हणजे कापणारा केव्हाच निघून गेला होता. पान मिटलेले होते, शेंड्याच्या आत होते, तेव्हाच गेंड्या भुंगा त्यातून आरपार गेला होता. त्याने पाडले होते एकच भोक. पान उलगडल्यावर त्या एका भोकाची एवढी नक्षी झाली होती.

"बघून झालं?" कृष्णाबाईने विचारले. "आता मना सांग, येतात कुठनं ह्ये?"

कृष्णाबाईची वाडी क्षिप्राच्या घरच्या वाडीला लागूनच होती. मध्ये फक्त वई, म्हणजे काट्याकुट्यांचे कुंपण, आणि वईत एक फट, जिच्यातून दोन्हीकडच्या कोंबड्या आणि बायका ये-जा करत. पाच वर्षांपूर्वीच्या वादळाने चौलमधल्या कितीतरी वाड्या आडव्या केल्या, त्यात कृष्णाबाईचे सगळे जुने माड गेले होते. त्याच पावसाळ्यात तिने नवी रोपे लावली. पहिला उन्हाळा घागरीने पाणी घालून काढला. आता ती झाडे तिच्या डोक्याच्या वर गेली होती. अजून दोन-तीन वर्षांनी पहिला नारळ दिसला असता.

क्षिप्रा काही बोलायच्या आत ती पुढच्या झाडाशी गेली आणि मधले कोवळे पान तिने दोन बोटांनी वर उचलले. ते अलगद हातात आले. बुडाशी काळा, कुजका वास होता.

"ह्यो ग्येला," ती म्हणाली. "आनि ह्यो पयला न्हाय."

"काकी, भुंगा कुजक्या लाकडात वाढतो. कुजक्या शेणात, पाल्यातही..."

"त्याच तर म्हंते मी. कुजका पाला सगल्या गावाचा कुठं येतो? तुज्याकडं. सगले जालतात, तू साठवतेस. राग नको मानू बाय, पन तुज्या ढिगातनं येतात."

क्षिप्राला राग आला नाही.

वादळाच्या आधी ती एम.एस्सी. होऊन अलिबागच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असे. वादळानंतर रस्त्यावर, छपरांवर झाडे पडून होती आणि ती काढायला माणूस मिळत नव्हता. तेव्हा माडावर चढणाऱ्या अंबाजीला हाताशी धरून तिने दोन कटर, दोर आणि पट्टे आणले. सुटीपुरते म्हणून सुरू केलेले काम मग सुटेना. आता मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतच्या बंगल्यांत, शाळांत, देवळांच्या आवारात धोक्याची फांदी असली की लोक तिला फोन करत. झाडे तोडणारे इतरही होते. ते तोडलेला माल रस्त्याकडेला पेटवून देत, नाहीतर टेम्पोतून खाडीच्या कडेला, कांदळवनात लोटून येत. क्षिप्राची पहिल्या दिवसापासूनची अट होती की तोडलेले सगळे परत आणायचे. जाड लाकूड वखारीत जाई, फांद्या आणि पाला चिपर मशीनमधून निघे. त्या चुऱ्याचा काही भाग झाडांच्या बुंध्यांशी पसरायला, आणि उरलेल्याचे वाडीच्या मागच्या अंगाला ढीग घालून खत. तिने काडी लावली नव्हती की खाडीत एक फांदी टाकली नव्हती. तिला त्याचा अभिमान होता, आणि ती तो कुणाला सांगत नसे.

बरोबर कुजणारा ढीग आतून इतका तापतो की त्यात भुंग्याची अळी जगत नाही, हे तिला ठाऊक होते. ते तिने सांगितले असते तर कृष्णाबाईने मान डोलावली असती आणि विश्वास ठेवला नसता.

"माझ्या म्हणण्यावर जाऊ नका," ती म्हणाली. "आत्ता उकरू. तुमच्यासमोर."

अंबाजीने फावडे घेतले. पहिला ढीग मधोमध फोडला तेव्हा आतून वाफ आली. कृष्णाबाईने हात आत घातला आणि झटकन मागे घेतला.

"आई गं! भाताचं पातेलं जसं."

"ह्यात काय जगेल, काकी? ह्यात अंडी उकडून निघतील," अंबाजी म्हणाला.

दुसरा ढीगही तसाच निघाला, तिसराही. क्षिप्रा मुठी भरभरून चुरा पाहत होती. गोमा होत्या, बुरशी होती, अळी एकही नव्हती. तिला थोडे हलके वाटू लागले होते. तेवढ्यात कृष्णाबाईने पायाने ढिगाच्या कडेच्या ओंडक्याला टोचले.

"नि ह्ये?"

पावसात ढीग वाहून जाऊ नयेत म्हणून क्षिप्रानेच त्यांच्याभोवती माडाच्या खोडांचे तुकडे कडेला कडा लावून मांडले होते. माडाचे खोड मशीनच्या पात्यांत अडकते, त्याचे धागे गुंडाळले जातात. म्हणून त्याचा हा उपयोग. दिसायलाही चांगले दिसे. बंगलेवाले बघायला आले की त्याचेच फोटो काढत.

"फोड," ती अंबाजीला म्हणाली.

कोयत्याच्या दुसऱ्या घावाला ओंडका शेंगेसारखा उघडला. आत लाकूड असे उरलेच नव्हते, नुसता ओला भुसा होता. त्यात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या अंगाची वेटोळी करून पडल्या होत्या. अंबाजीने दुसरा फोडला. त्यातही होत्या.

ढीग दर आठवड्याला खालीवर होत असे. ओंडक्यांना मात्र कुणी हलवले नव्हते. क्षिप्राने त्यांना भांडे समजले होते, आतला माल समजले नव्हते. बाहेरून ढिगाचा ओलावा त्यांना मिळत होता आणि ऊब अळीला पोसेल एवढीच.

कृष्णाबाई वाकून अळ्या बघत होती. जिंकल्याचा आव आणला असता तर क्षिप्राला सोपे गेले असते.

"हे माझं आहे, काकी," क्षिप्रा म्हणाली. "आजच निघेल."

आणि ते निघाले. ओंडके फोडून खळ्यात उन्हात पातळ पसरले. कावळे आले, बगळे आले. कृष्णाबाईने वईच्या फटीतून आपल्या कोंबड्या हाकून आणल्या आणि स्वतः ओट्यावर बसून राहिली.

"खावा गं, खावा. ताईकडं जेवन हाय," ती कोंबड्यांना सांगत होती. "एमेश्शी जेवन."

अंबाजी हसून हसून कोयता खाली ठेवून बसला. क्षिप्राही हसली. उरलेला भुसा वाळवून, कृषी केंद्रातून आणलेली हिरव्या बुरशीची पूड त्यात मिसळून तिने तो तापलेल्या ढिगांत जिरवला. ती बुरशी अळीच्या अंगावर वाढते आणि झाडाला काही करत नाही. कडेला मग चिरे लावले. काम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपले.

कृष्णाबाई निघता निघता थांबली आणि वर बघू लागली. "तुजं तू काढलंस. ह्ये कोन काढनार?"

वईच्या कडेने क्षिप्राच्या वाडीतले अकरा माड उभे होते. वादळाने त्यांचे शेंडे पिळून उडवले होते. झावळी नाही, नारळ नाही. नुसते उंच खांब. वरच्या टोकांशी पावसाचे पाणी मुरून लाकूड मऊ झाले होते. खालून ते दिसत नव्हते, पण क्षिप्राला दिसल्यासारखेच माहीत होते.

"विचारते," ती म्हणाली. हा शब्द ती सहाव्या वर्षी वापरत होती.

वाडी सामाईक होती. आजोबांनी, आप्पांनी, तीन मुलांत ती कधी वाटली नाही. एकेक वर्ष एकेकाने करायची, त्या वर्षाचे उत्पन्न त्याचे, अशी रीत पडली. क्षिप्राचे वडील गेल्यावर त्यांचे वर्ष तिच्या आईच्या, पद्माबाईंच्या, वाट्याला आले. रीत चांगली चालली होती, कारण एक गोष्ट सगळेच पाळत: आपल्या वर्षात झाड पडायला नको. ज्याच्या वर्षात माड तुटला त्याचे नाव पुढची पन्नास वर्षे निघणार. वादळानंतरचे वर्ष धाकट्या शिवदासकाकांचे होते. ते म्हणाले, एवढ्यात काय घाई आहे. पुढचे महादेवकाकांचे. ते म्हणाले, बघू. मग आईचे आले, आणि आई म्हणाली, भावजींना विचारते. वर्षे फिरून पुन्हा आईचे आले होते. माड उभेच होते.

वैशाखातल्या एका दुपारी वारा सुटला आणि अकरातल्या एकाचे वरचे टोक मोडून पाटात पडले. आवाज ऐकून क्षिप्रा धावली. टोक फुटून पसरले होते आणि पाटातल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. ओंडक्यांत निघाल्या त्याच्या कितीतरी पट. काही कोश फुटून तपकिरी भुंगे बाहेर यायच्या बेतात होते.

"वर चढून बाकीच्यांचं बघशील?" तिने अंबाजीला विचारले.

"ताई, जिवंत माडावर सांगा, आत्ता चढतो. मेलेल्याचा काय भरवसा? शेजारच्या पोफळीवरनं दोर टाकून, बुडाशी खाच घेऊन, ओढून पाडायला पायजे. एका दिवसात दोन. घाई केली तर काकीच्या कुंपणात पडंल."

क्षिप्राने एक तुकडा घमेल्यात घेतला आणि पडवीत नेऊन आईसमोर ठेवला. पद्माबाईंनी प्राथमिक शाळेत जन्मभर मुलांना शिकवले होते. चष्मा नाकावर सारून त्यांनी घमेल्यात बराच वेळ पाहिले.

"महादेवभावजी रविवारी येताहेत," त्या म्हणाल्या.

"आई, वाडी यंदा तुझ्याकडे आहे."

"माझ्याकडे आहे म्हणजे माझी नव्हे."

"कृष्णाकाकी काल म्हणाली, पावसाआधी हे निघाले नाहीत तर रोपं उपटून टाकते. पलीकडच्या बंगलेवाल्याला गाड्या लावायला जागा हवीच आहे, तो कधीचा मागे लागलाय. पाऊस पडला की हे सगळे भुंगे उडणार. त्यांना लांब जायची गरजसुद्धा नाही."

"ती उपटेल?"

"मधलं पान हातात आलं की माणूस काय करणार?"

घमेले पद्माबाईंनी आत ठेवायला सांगितले नाही, बाहेर टाकायलाही नाही. ते रविवारपर्यंत पडवीच्या पायरीवर होते, वर जाळी झाकलेले.

महादेवकाका मांडव्याला बोटीने उतरून रिक्षाने आले. वयाने सत्तरीचे, अजून ताठ, ठाण्यात बँकेतून निवृत्त झालेले. हातपाय धुऊन ते पडवीत बसले तेव्हा वईच्या फटीतून कृष्णाबाई आली आणि पायरीवर टेकली. तिला पद्माबाईंनीच चहाला बोलावले होते. क्षिप्राला हे माहीत नव्हते.

"अरे वा, पंचायत बसलीय," काका म्हणाले. "आरोपी मीच का?"

"आरोपी पायरीवर आहे," क्षिप्रा म्हणाली आणि तिने जाळी उचलली.

काकांनी वाकून पाहिले आणि नाक मुरडले. "हे तुझ्या त्या ढिगात निघालं म्हणे. अंबाजी रिक्षास्टँडवर भेटला."

"ढिगाच्या कडेला निघालं होतं. ते काढलं. हे वरून पडलंय."

"म्हणजे चोर तूच."

"एक मी होते, काका. बाकीचे अकरा वईला उभे आहेत."

कृष्णाबाई पदर तोंडावर धरून हसली. काकाही हसले, पण मागे टेकले.

"अगं, उभ्या झाडाला आशा असते. आप्पांनी स्वतः खड्डे खणले होते त्यांचे. मी पाणी घातलंय. येईल एखादी पालवी."

"आंब्याची फांदी मोडली तर खालून फुटते. माडाला फुटायला एकच जागा असते, ती शेंड्यात. शेंडा गेला की खाली काही शिल्लक नाही."

"हे तू पाच वर्षांपूर्वी पण सांगितलंस."

"मग पाच वर्षांत फुटली का एखादी?"

काकांनी चहाचा घोट घेतला. "बरं, एवढंच असेल तर हिच्या झाडांवर औषध मारा."

"मारलं न," कृष्णाबाई म्हणाली. "दर म्हयन्याला मारते. शेंड्यात राख-मीठ घालते. माज्या झाडाला औषध नि तुमच्या झाडात बालंतपन, असं किती दिस चालल, महादेवदादा?"

"आणि तोडलं तर पुढे काय?" काकांनी क्षिप्राकडे वळून विचारले. "अकरा माडांचं लाकूड. जाळणार ना शेवटी? मग एवढी वर्षं धुराच्या नावानं गावाला शिकवलंस कशाला?"

"जाळणार नाही. खालचा अर्धा भाग अजून टणक आहे. वाजवून बघितलाय मी. त्याचे वासे निघतील. पाटावरचा साकव मोडलाय तो होईल, काकींच्या गोठ्याला खांब होतील. वरचा कुजका भाग फोडायचा, खळ्यात वितीपेक्षा पातळ पसरायचा. ढीग करायचा नाही, ओंडका म्हणून ठेवायचा नाही. ती चूक एकदा झाली. पाखरं खातील ते खातील. वाळलं की बुरशीची पूड घालून पोफळींच्या बुंध्याशी. मात्र पाऊस लागायच्या आत. नंतर वाळणार नाही, आणि मग खरंच जाळण्यावाचून इलाज राहणार नाही."

"सगळं ठरवलंच आहेस."

"ठरवलेलं नाही. कसं करायचं ते माहीत आहे. ठरवायचं तुम्ही."

काकांनी कप खाली ठेवला. "माझा विरोध नाही," ते म्हणाले. "शिवदासला विचारा. तो हो म्हणाला की माझं काही नाही."

"शिवदासकाकांना मी परवाच फोन केला."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, महादेवदादा हो म्हणाला की माझं काही नाही."

कृष्णाबाईने कपाळाला हात लावला. पद्माबाईंच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या, पण त्यांनी मान वर केली नाही.

"हसण्यासारखं नाही हे, वहिनी," काका म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "तिघांची वस्तू आहे. तिघांची आहे म्हणूनच टिकली. ज्याला वाटेल त्याने त्याच्या वर्षात यावं आणि कुऱ्हाड घालावी, असं सुरू झालं तर मग एकत्र कशाला ठेवायची? वाटणीच करू. मोजणीवाला बोलावू, रेघा मारू. तुमच्या रेघेत तुम्ही हवं ते पाडा."

वडील गेल्यापासून वाटणी हा शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता, आणि तो उच्चारला जाऊ नये म्हणून आईने काय काय सोडून दिले हे क्षिप्राने पाहिले होते. विहिरीचा पंप बदलायचा राहिला, मागची भिंत राहिली. ताडपत्री घातलेले छप्पर तसेच राहिले. प्रत्येक वेळी आई म्हणाली होती, भावजींना विचारते. विचारणे म्हणजे वाडी एक ठेवणे, असे तिने मनाशी धरले होते, आणि ते खोटे नव्हते.

क्षिप्राला बोलायचे होते. तिच्याकडे अजून मुद्दे होते, चांगले होते. ते तिने गिळले. जे सांगायचे ते सांगून झाले होते. आता जे हवे होते ते तिच्या हातात नव्हते.

कृष्णाबाई उठली. "जाऊ द्या, बाई," ती पद्माबाईंना म्हणाली. "माज्यापायी घरात भांडान नको. झाडं काय, माजी हायेत, मी बघेन काय त्ये." ती पायरी उतरून वईकडे चालू लागली.

"कृष्णा, थांब," पद्माबाई म्हणाल्या.

हा आवाज क्षिप्राने शाळेबाहेर कधी ऐकला नव्हता. तो मोठा नव्हता. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल एवढा होता. कृष्णाबाई थांबली.

पद्माबाईंनी रिकामी कपबशी बाजूला सारली आणि महादेवकाकांकडे पाहिले.

"भावजी, वाटणी करायची असेल तर करा. मला नको आहे, पण तुम्ही म्हणालात तर मी सही करेन. आप्पांनी हे माड लावले ते वाडी राहावी म्हणून. शेजारची वाडी मारायला नव्हे. यंदा वाडी माझ्याकडे आहे. अकराच्या अकरा तोडायचे. क्षिप्रा, उद्या सकाळी अंबाजीला दोर घेऊन बोलाव."